चुकलेला पत्ता, वेळेवरचा नकार

पुणे-सातारा भागात बावधन नावाची गावं एकाहून अधिक आहेत. मुळशी तालुक्यातलं बावधन बुद्रुक, त्याला लागून असलेलं बावधन खुर्द आणि वाई तालुक्यातलं, बगाडाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेलं तिसरं बावधन. बावधन खुर्द आधीपासून पुणे महापालिकेत होतं, बावधन बुद्रुक २०२१ च्या जूनमध्ये आलं. त्यामुळे आज तिथल्या एखाद्या घराचा पत्ता कुणी ‘बावधन बुद्रुक, ता. मुळशी’ असा लिहितं, कुणी नुसतं ‘बावधन, पुणे’, तर कुणी ‘चांदणी चौकाजवळ’. तिन्ही पत्त्यांवरून माणूस घर शोधून काढतो, कारण तो विचारत विचारत पोचतो.

पोस्टखात्यापुढे हा प्रश्न देशभरातल्या गावांचा होता. सारख्या नावांची गावं, एकाच नावाची वेगवेगळी स्पेलिंगं, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्या यांतून वाट काढण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो घडवला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे नामवंत कवीही होते. बावधनच्या ४११०२१ या क्रमांकातला पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग दाखवतो, ४११ हे पहिले तीन अंक मिळून पुण्याचा वर्गवारी जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारं पोस्ट ऑफिस सांगतात. कोणत्या जागी कोणता अंक आला की त्याचा अर्थ काय, हे आधीच ठरलेलं आहे. पत्ता यंत्रालाही समजावा असं वाटत असेल, तर प्रत्येक जागेचा अर्थ पक्का असावा लागतो.

या प्रकरणात पाहायचे आहेत ते पत्ते कागदावर लिहिले जात नाहीत. बावधनमध्ये राहून हिंजवडीत काम करणारी एखादी इंजिनिअर सकाळी संगणक उघडते, कालचा कोड खाली उतरवते आणि संध्याकाळी आपले बदल वर पाठवते. ते बदल कुठे जायचे, हे एका ओळीचा पत्ता ठरवतो. त्याला ‘रिमोट’चा पत्ता म्हणतात. तो चुकला तर काय होतं, आणि सॉफ्टवेअरने तेव्हा काय करायला हवं, हा आपला विषय.

पत्ते वाढले कसे

बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची ते नोंद ठेवतं आणि जुनी अवस्था परत मिळवून देतं. सबव्हर्जनसारख्या आधीच्या पिढीतल्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या टीमचा मिळून एकच मध्यवर्ती सर्व्हर असे. त्याचा पत्ता बहुतेकदा एकदाच दिला जाई आणि वर्षानुवर्षं तोच चाले.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. त्याच सुमारास मर्क्युरियलही आलं. या दोन्हींत प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहासाची प्रत असते. मध्यवर्ती सर्व्हर असलाच पाहिजे असं बंधन राहिलं नाही. एका प्रकल्पाला कितीही रिमोट जोडता येतात. कंपनीचा एक, आपला स्वतःचा एक, सहकाऱ्याचा एक. एका प्रकल्पाच्या पोटात दुसरा प्रकल्प बसवता येतो, त्याला सबमोड्युल म्हणतात, आणि त्याचाही वेगळा पत्ता असतो. म्हणजे जो पत्ता पूर्वी एखादा व्यवस्थापक एकदा लिहीत असे, तो आता हजारो लोक रोज टाइप करतात, चॅटमधून उचलतात, ईमेलमधून चिकटवतात. चुकांची संख्या वाढली ती यामुळे.

एका ओळीची रचना

वेबवरच्या पत्त्यांची रीत टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९४ मध्ये लिहून काढली. आज प्रमाण मानला जाणारा नियम जानेवारी २००५ चा आहे. या रीतीनुसार गिटचा पूर्ण पत्ता असा दिसतो:

एसएसएच://गिट@सर्व्हर:२२२२/गट/प्रकल्प.गिट

सुरुवातीला कोणत्या मार्गाने जायचं ते येतं. इथे तो एसएसएच आहे, म्हणजे दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करून देणारा. मग कोलन आणि दोन तिरप्या रेघा. नंतर वापरकर्त्याचं नाव, ॲट-चिन्ह, सर्व्हरचं नाव, कोलननंतर पोर्टचा क्रमांक आणि शेवटी सर्व्हरवरच्या फोल्डरची वाट. पोर्ट नेहमीचाच असेल तर तो गाळता येतो.

पण गिटला आणखी एक, आखूड रूप चालतं. ते फाइली नकलण्याच्या एससीपी या जुन्या प्रोग्रामवरून आलं:

गिट@सर्व्हर:गट/प्रकल्प.गिट

इथे मार्गाचं नाव नाही आणि कोलनचा अर्थ बदलला आहे. पूर्ण रूपात सर्व्हरनंतरचं कोलन पोर्टची खूण आहे. आखूड रूपात त्याच जागचं कोलन ‘इथून फोल्डरची वाट सुरू’ असं सांगतं. एकाच जागी एकाच चिन्हाचे दोन अर्थ आले, आणि नेहमीच्या चुकांपैकी मोठा हिस्सा इथूनच निघतो.

तिसरं रूप स्वतःच्या संगणकावरच्या फोल्डरचं. पेनड्राइव्हवरचा किंवा शेजारच्या फोल्डरमधला प्रकल्पही रिमोट होऊ शकतो आणि त्यासाठी नुसती वाट लिहिली तरी पुरते. मग कोलन असलेलं फोल्डरचं नाव आणि आखूड पत्ता यांत फरक कसा करायचा? गिटचा नियम सोपा आहे: पहिल्या कोलनच्या आधी तिरपी रेघ नसेल तरच तो आखूड पत्ता. म्हणून नावात कोलन असलेलं फोल्डर सांगायचं असेल, तर आधी टिंब आणि तिरपी रेघ लावावी लागते.

रोजच्या चुका

आता चुका कशा घडतात ते पाहू.

समजा, पत्ता लिहिताना सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस://’ राहून गेलं आणि नुसतं ‘गिटहब.कॉम/गट/प्रकल्प’ लिहिलं. माणसाला हा वेबवरचा पत्ता वाटतो. गिटला त्यात मार्ग दिसत नाही, कोलनही दिसत नाही. नियमाप्रमाणे तो याच संगणकावरचा फोल्डर धरतो, शोधतो आणि ‘अशी रिपॉझिटरी (म्हणजे इतिहासासह ठेवलेला प्रकल्प) अस्तित्वात नाही’ असं सांगतो. मार्ग लिहिला पण कोलन गळालं, तरी हेच. वापरणारा सर्व्हरवर प्रकल्प आहे का ते तपासत बसतो, आणि गिटने सर्व्हरला हाकही मारलेली नसते.

मार्गाच्या नावात एखादं अक्षर जास्त पडलं, तर वेगळंच होतं. गिट नवनवे मार्ग जोडता यावेत म्हणून छोटे मदतनीस प्रोग्राम वापरतो. न ओळखलेल्या मार्गासाठी तो त्या नावाचा मदतनीस शोधतो आणि ‘अशी आज्ञा गिटकडे नाही’ अशा अर्थाची तक्रार करतो. संदेश खरा आहे, पण एक अक्षर जादा झालंय हे त्यातून नवख्याला कळत नाही.

पोर्टची चूक फार सामान्य आहे. आखूड रूपात सर्व्हरनंतर २२२२ लिहिलं, तर गिट ते पोर्ट समजत नाही. ‘२२२२’ नावाचा फोल्डर सर्व्हरवर शोधायला लावतो. उलट, पूर्ण रूपात पोर्टच्या जागी गटाचं नाव लिहिलं, तर ते अंकांत नसल्यामुळे सर्व्हरच्या नावाला चिकटतं, आणि ‘या नावाचा सर्व्हर सापडला नाही’ असा निरोप येतो. इंजिनिअर मग इंटरनेट तपासते, व्हीपीएन बंद-चालू करते. चूक मात्र एका कोलनची असते.

पासवर्ड पत्त्यातच लिहिण्याची सवय दुहेरी घातक आहे. पासवर्डमध्ये ॲट-चिन्ह असेल, तर पत्त्याची फोड चुकीच्या जागी होऊ शकते. ते टक्का-चिन्ह आणि ४० असं लिहावं लागतं. शिवाय असा पत्ता सेटिंगच्या फाइलमध्ये उघडा पडून राहतो आणि कधी ना कधी एखाद्या स्क्रीनशॉटमधून बाहेर जातो.

सर्वांत चकवणारी चूक डोळ्यांना दिसत नाही. चिकटवताना पत्त्याच्या आधी एखादं अदृश्य चिन्ह शिरतं आणि गिट सांगतो, ‘एचटीटीपीएस हा मार्ग चालत नाही’. वाचणारा थक्क होतो, कारण हा मार्ग तर रोज चालतो. गिटने वाचलेला शब्द एका न दिसणाऱ्या चिन्हाने वेगळा होता, आणि संदेशात तो छापला तेव्हाही ते चिन्ह दिसलं नाही.

देवनागरीचा प्रश्न आपल्या जवळचा. पत्त्याच्या मूळ नियमात रोमन अक्षरं, अंक आणि काही चिन्हंच बसतात. बाकी सगळं टक्का-चिन्हं लावून लिहावं लागतं. ‘बावधन’ या शब्दात कान्यासह पाच चिन्हं आहेत. संगणक प्रत्येक चिन्ह तीन बाइट्समध्ये साठवतो आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे पाच चिन्हांची पंचेचाळीस अक्षरं होतात. त्यातलं एक गळालं की पत्ता मोडला. प्रकल्प ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर तर प्रकल्पाच्या नावात रोमन अक्षरं, अंक, आडवी रेघ, अधोरेषा आणि टिंब एवढंच चालतं. प्रकल्पाचा मराठी परिचय आतल्या फाइलमध्ये मनसोक्त लिहावा. त्याचं नाव मात्र सध्या रोमन ठेवणंच सोयीचं.

चूक कळते, पण उशिरा

गिटमध्ये नवा रिमोट जोडताना पत्ता तपासला जात नाही. दिला तसा तो सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिला जातो. याला कारणही आहे: त्या क्षणी इंटरनेट नसेल, किंवा सर्व्हरवरचा प्रकल्प अजून तयार व्हायचा असेल. पण परिणाम असा की चूक सकाळी होते आणि संध्याकाळी बदल पाठवताना समोर येते. तोवर ती कुठून आली हे आठवत नाही.

त्यात भर पडते ती मोघम संदेशाची. एसएसएचने जाताना काहीही बिनसलं, तरी शेवटी बहुधा एकच वाक्य येतं: परवानगी बरोबर आहे ना आणि रिपॉझिटरी अस्तित्वात आहे ना, ते पाहा. गिटहबसारख्या सेवा खासगी प्रकल्पाबाबत तर जाणूनबुजून ‘सापडला नाही’ असंच उत्तर देतात, कारण ‘आहे, पण तुला परवानगी नाही’ म्हटलं तरी प्रकल्प असल्याचं गुपित फुटतं. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच. पण म्हणूनच पत्त्याच्या आकारातली जी चूक सर्व्हरला न विचारता आपल्याच संगणकावर ओळखता येते, ती तिथेच आणि स्पष्ट शब्दांत सांगणं हे सॉफ्टवेअरचं कर्तव्य ठरतं.

पत्त्यातून हल्ला

इथवरच्या चुका निष्पाप होत्या. पण तोच वेडावाकडा पत्ता कुणी मुद्दाम रचला तर?

१० ऑगस्ट २०१७ रोजी गिट, मर्क्युरियल आणि सबव्हर्जन या तिघांनी एकाच दिवशी सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर केल्या. तिघांतलं भोक एकच होतं. एसएसएच मार्गाचा पत्ता आला की ही सॉफ्टवेअरं सर्व्हरचं नाव काढून ते एसएसएच प्रोग्रामच्या हवाली करत. पण नावाची सुरुवात आडव्या रेघेने झाली तर? आज्ञा देताना आडव्या रेघेने सुरू होणारा शब्द म्हणजे सूचना, असा संकेत आहे. एसएसएचला एक सूचना अशी देता येते, की जोडणीसाठी अमुक प्रोग्राम चालव. हल्लेखोराने सर्व्हरच्या नावाच्या जागी ती सूचना लिहिली, की प्रोग्राम चालायचा तो पत्ता वापरणाऱ्याच्या संगणकावर. सबमोड्युलच्या पत्त्यात हे दडवलं, तर बळी पडणाऱ्याला तो पत्ता दिसायचाही नाही. ही त्रुटी जर्मनीतले संशोधक योर्न श्नेवाइस यांनी शोधली. आता आडव्या रेघेने सुरू होणारं सर्व्हरचं नाव गिट ‘विचित्र’ म्हणून अडवतो आणि पुढे जात नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, आडवी रेघ सबमोड्युलच्या संपूर्ण पत्त्याच्या सुरुवातीला ठेवून तसाच घाव घालता येतो हे लक्षात आलं आणि तीही वाट बुजवावी लागली.

एप्रिल २०२० ची गोष्ट याहून बोलकी आहे. गिट पासवर्ड स्वतः साठवत नाही. तो एका मदतनीस प्रोग्रामला विचारतो. दोघांमधलं बोलणं साध्या ओळींत चालतं. एका ओळीत मार्ग, दुसरीत सर्व्हर. गुगलच्या प्रोजेक्ट झिरो या सुरक्षा-संशोधन गटातल्या फेलिक्स विल्हेल्म यांनी पाहिलं, की पत्त्यात ‘नवी ओळ’ या चिन्हाचं टक्का-चिन्ह लावलेलं रूप घातलं, तर गिट त्याची खरी ओळतोड करून पुढे देतो. म्हणजे हल्लेखोर एका पत्त्यातून जास्तीची ओळ घुसवून मदतनीसाला दुसऱ्याच सर्व्हरचं नाव सांगू शकत होता. मदतनीस त्या नामांकित सर्व्हरचा पासवर्ड काढून द्यायचा, आणि गिट तो हल्लेखोराच्या सर्व्हरला पाठवायचा. १४ एप्रिलला दुरुस्ती आली. आठवडा व्हायच्या आत या त्रुटीचा धाकटा भाऊ सापडला: पत्त्यात सर्व्हरचं नावच कोरं ठेवलं, तर काही मदतनीस हाती लागेल तो पासवर्ड देत. २० एप्रिलला तीही दुरुस्ती झाली.

जानेवारी २०२५ मध्ये हेच पुन्हा समोर आलं, या वेळी ‘कॅरेज रिटर्न’ या चिन्हामुळे. गिटच्या लेखी ते ओळ संपवत नाही. काही मदतनीसांच्या लेखी संपवतं. रियोताके या नावाने काम करणाऱ्या जपानी संशोधकाने हा फरक दाखवून दिला, आणि तेव्हापासून ते चिन्ह असलेला पत्ता गिट मदतनीसापर्यंत जाऊच देत नाही.

या चारही प्रसंगांच्या मुळाशी एकच कारण आहे. एक पत्ता दोन प्रोग्रामनी वाचला आणि दोघांनी त्याचे दोन अर्थ लावले. गिटला जे सर्व्हरचं नाव वाटलं, ते एसएसएचला सूचना वाटली. गिटला जी एक ओळ वाटली, ती मदतनीसाला दोन वाटल्या. दोन अर्थांच्या मधल्या फटीतून हल्ला आत शिरला.

उदारपणाची किंमत

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात, १९८० मध्ये, जॉन पोस्टेल यांनी एक तत्त्व मांडलं: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. वेगवेगळ्या बनावटीचे संगणक एकमेकांशी बोलू लागले, त्यात या तत्त्वाचा मोठा वाटा आहे. पण उदारपणे स्वीकारणं म्हणजे चुकीच्या गोष्टीचा अंदाजाने अर्थ लावणं, आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा. २०२३ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या समुदायातूनच एक निवेदन आलं, की या उदारपणाने चुका झाकल्या जातात, मुरतात आणि पुढे त्याच नियम होऊन बसतात.

रिमोटच्या पत्त्यांबाबत मला हे पूर्णपणे पटतं. असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने चार गोष्टी पाळाव्यात. पत्त्याची फोड एकाच ठिकाणी, एकदाच करावी आणि पुढच्या प्रत्येक प्रोग्रामला सुटे भाग द्यावेत, पुन्हा फोडायला अख्खी ओळ देऊ नये. दुसऱ्या प्रोग्रामला नाव देताना ‘इथे सूचना संपल्या’ ही खूण म्हणजे जोड-आडवी रेघ आधी लावावी. ओळतोड, अदृश्य चिन्हं, कोरं सर्व्हरनाव, आडव्या रेघेची सुरुवात यांतलं काही दिसलं की दुरुस्त करायला न जाता नकार द्यावा. आणि नकार देताना काय वाचलं, त्याचा काय अर्थ लावला आणि कुठे अडलं, हे तिन्ही सांगावं. ‘मी हा याच संगणकावरचा फोल्डर समजलो, वेबवरचा पत्ता हवा असेल तर सुरुवातीला मार्ग लिहा’ एवढं एक वाक्य नवख्या माणसाचा अर्धा दिवस वाचवतं. पत्ता दाखवताना त्यातला पासवर्ड मात्र झाकावा आणि अदृश्य चिन्हं दिसतील अशी छापावीत.

सुचवणं चांगलं, स्वतःच ठरवणं वाईट. ‘तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?’ असं विचारून थांबणारा प्रोग्राम मदत करतो. न विचारता दुसऱ्या सर्व्हरकडे कोड पाठवणारा प्रोग्राम कितीही सोयीचा वाटला, तरी धोक्याचा आहे. पाठवलेला कोड आणि गेलेला पासवर्ड परत बोलावता येत नाही.

आपल्या हाती काय

वापरणाऱ्याने काय करावं? रिमोट जोडल्यावर लगेच ‘गिट रिमोट’ ही आज्ञा ‘व्ही’ या पर्यायासह चालवून पत्ता वाचावा. तिथे प्रत्येक रिमोटच्या दोन ओळी दिसतात, एक आणण्याची आणि एक पाठवण्याची. दोन्ही पत्ते वेगळे असू शकतात, म्हणून दोन्ही ओळी वाचाव्यात. मग ‘गिट एलएस-रिमोट’ चालवावी. ती काहीही न बदलता सर्व्हरला विचारून येते, त्यामुळे चूक संध्याकाळपर्यंत थांबत नाही. पत्ता चुकलाच असेल, तर रिमोट काढून पुन्हा जोडण्याची गरज नाही. ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ने तो बदलतो. सबमोड्युलचा पत्ता प्रकल्पातल्या सबमोड्युलांच्या यादीच्या फाइलमध्ये दुरुस्त केला, तरी आपल्या प्रतीत जुनाच राहतो, म्हणून ‘गिट सबमोड्युल सिंक’ चालवायचं विसरू नये.

पत्ता आकाराने बरोबर असूनही निकामी होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावं. गिटहबने ऑगस्ट २०२१ मध्ये पासवर्डने कोड पाठवणं बंद केलं आणि मार्च २०२२ मध्ये कुलूप नसलेला जुना ‘गिट://’ मार्ग कायमचा बंद केला. जुन्या पुस्तकांतले, जुन्या नोट्समधले असे पत्ते आज चालत नाहीत. ते दिसले की बदलून टाकावेत.

आणि अनोळखी प्रकल्प उतरवताना त्याची सबमोड्युलं आपोआप उतरवू नयेत. आधी सबमोड्युलांच्या यादीच्या फाइलमधले पत्ते डोळ्यांखालून घालावेत. आडव्या रेघेने सुरू होणारं किंवा टक्का-चिन्हांनी भरलेलं सर्व्हरचं नाव दिसलं, तर तिथेच थांबावं. आपल्या संगणकावरचं गिट अद्ययावत ठेवावं. २०१७ पासूनच्या या सगळ्या त्रुटी दुरुस्त झालेल्या आहेत, पण त्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत आपोआप येत नाहीत. हे पुस्तक बाजूला ठेवण्याआधी आपली आवृत्ती तपासा आणि जुनी असेल तर आजच बदला.